बिब्ब्याचा डाग

पेठ वडगावच्या बाजारात सरांना मार पडायचा तेवढा राहिला. त्यांच्या हातात मी लिहिलेली पत्रकं होती, त्यामुळे त्यातला निम्मा मार माझ्या वाट्याचा होता असं मी धरते.

सर कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्या दिवशी मात्र ते दावी-कासरे विकणाऱ्या एका माणसासमोर उकिडवे बसले होते. पत्रक त्याच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "पावणं, बायकोचा तळपाय शेवटचा कधी बघितलासा?"

"काय?"

"तळपाय. पायाची खालची बाजू. उजेडात धरून."

त्या माणसाची बायको शेजारीच बसली होती. तिनं दोन्ही पाय झटकन लुगड्याखाली ओढून घेतले. माणूस उभा राहिला.

"ए मास्तर, कुणाच्या बायकूच्या पायाचं इचारालायस?"

चार माणसं गोळा झाली. मग दहा. कुणीतरी सरांची कॉलर धरली. सर उठले नाहीत. बसल्या बसल्याच वर बघत म्हणाले, "तिकडं जनावराच्या बाजारात बैल घेताना खूर उचलून बघतासा का न्हाई? चारी बघतासा. बायकोचं तर दोनच हायती."

गर्दी हसली. कॉलर सुटली. "सोडा रं, येडं हाय बिचारं," असं म्हणून एकानं त्यांना उठवलं, शर्टाची धूळसुद्धा झटकली. बाईनं पाय मात्र परत बाहेर काढले नाहीत.

एस.टी.त बसल्यावर मी उरलेली पत्रकं रागानं पिशवीत कोंबली. सर खिडकीतून उसाकडे बघत होते. हातकणंगल्याच्या जवळपास ते म्हणाले, "तुझी पहिली ओळ लांब झाल्या. आखूड कर."

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी 'विक्षिप्त' हा शब्द वापरला. मोठा सोयीचा शब्द आहे. माणसाला तो चिकटवला की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही. काकींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, नाव एकानंही घेतलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझी आणि सरांची पहिली भेट कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यातली. प्रॅक्टिकलला उभी होते. सर समोर आले. नव्या ठिकाणी नवं माणूस समोर आलं की पुढे कोणता प्रश्न येतो ते मला पाठ होतं. नाव सांगितलं की "पूर्ण नाव?", पूर्ण नाव सांगितलं की "गाव कुठलं?", आणि गाव सांगितलं की "गावात राहता कुठं?" आमचं घर धर्मांतर केलेलं. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला लहानपणीच शिकवलं होतं: मान वर करून सांगायचं. मी मान वर करून तयार होते.

सरांनी विचारलं, "रक्तगट?"

"माहीत नाही सर."

"मग तू कोण हे मला कसं कळायचं? जा. तपासून ये."

तपासून आले. त्या दिवसापासून मी 'बी पॉझिटिव्ह'. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. वर्गात तीन-तीन 'ओ पॉझिटिव्ह' असायचे, त्यातल्या एकाला 'उंच ओ' आणि एकाला 'झोपाळू ओ' म्हणायचे. प्राचार्यांना त्यांनी त्यांच्या तोंडावर 'ए निगेटिव्ह' म्हटल्याचं सांगतात. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकींना दवाखान्यात नेऊन त्यांचा रक्तगट तपासून घेतला होता. हे काकीच सांगायच्या, हसून हसून. "हळद निघाली न्हवती अंगाची आन् ह्यांनी सुई टोचाय नेलं. आमची आई म्हणाली, जावई हाय का कंपौंडर?"

मला आधी हे सगळं फार आवडलं. मग दुसऱ्या वर्षी राग यायला लागला. एकदा मी सरांना म्हणाले, "आडनाव न विचारणं तुम्हाला सोपं आहे सर. तुमचं आडनाव दारावर लावलं तरी कुणी दार बंद करत नाही. रक्तगट विचारून जात जात नाही."

सरांनी विचारलं, "मग कशानं जाती?"

"ज्यांनी धरून ठेवली आहे त्यांनी सोडली की."

"हं," ते म्हणाले. "घरी चल. काकीला सांग हे. ती बरोबर समजंल. मला जरा वेळ लागतो."

हे मात्र खरं होतं. सरांना वेळ लागायचा.

शिकवायची पद्धत त्यांची त्यांचीच. इंग्रजी पुस्तक उघडं ठेवायचे आणि शिकवायचे वडगावकडच्या मराठीत. प्रतिकारशक्तीचा पाठ आला की सगळा वर्ग शाहूपुरीत, गुळाच्या सौद्याला. सकाळी अडत्याच्या दुकानात गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, रांगेनं मांडलेले असतात. एकेक रवा दोन हातांनीही धड उचलत नाही एवढा. खरेदीदार रांगेतून फिरतो, रव्याच्या अंगाला सुरी लावून टवका काढतो, रंग बघतो, बोटांत चुरतो, जिभेवर ठेवतो, पुढे जातो.

आम्ही पंचवीस-तीस पोरं-पोरी मध्ये उभी. अडत्या वैतागला. "पावणं, घेणार असशीला तर हात लावा. न्हाईतर वाट सोडा."

"घेणार न्हाय. शिकवालोय."

"गूळ?"

"कॅन्सर."

अडत्यानं सुरी खाली ठेवली. "माझ्या दुकानात सकाळच्या पारी असलं नाव नगा घेऊसा, मास्तर."

सरांना ते ऐकूच गेलं नाही. ते आमच्याकडे वळले होते. "बघा. रवा फोडून कोण बघत न्हाई. टवका काढत्यात. पेशीचं तसंच. फरक एवढाच, पेशी आपला टवका आपणच काढती. आत जे काय तयार होतंय त्याचा एकेक कण दाराशी आणून मांडती. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी ह्या सौद्याला आलेल्या. चाखायचं, पुढं जायचं. चव वायली लागली की थांबायचं आणि तो रवाच मोडीत काढायचा."

"मग कॅन्सरला का नाही मोडीत काढत सर?" उंच ओनं विचारलं.

"कारण त्योबी आपल्याच गुऱ्हाळातला. ऊस त्योच, काहील तीच. चव जवळजवळ तीच." सरांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. "बाहेरचा जंतू वळखाय सोपा. घरातलं वळखायचं अवघड."

पुस्तकात शत्रू, हल्ला, सैनिक, युद्ध असे शब्द असायचे. सर ते खोडायला लावायचे. आण्णांच्या पत्रकांवर वाढलेल्या मला ते पटायचं नाही. आमच्या घरात शत्रू हा शब्द रोजच्या वापरातला होता. सर म्हणायचे, "शत्रू म्हटलं की माणूस वेशीकडं बघत बसतो. घरात कोण बघंना मग."

पुण्यातला त्यांचा एक जुना विद्यार्थी त्यांना परदेशी नियतकालिकांच्या झेरॉक्स पाठवायचा. त्यातलीच एक हकीकत सर पुन्हा पुन्हा सांगत. परदेशात एका रुग्णाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी काढल्या, त्याच रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढल्या, आणि काचेच्या बशीत दोघींची गाठ घालून दिली. पांढऱ्या पेशींनी कॅन्सरला ओळखलं. म्हणजे ओळखता येतं! मग प्रश्न उरला, नेमकं काय ओळखलं? वर्षानुवर्षं शोधून त्या लोकांनी ते जनुक बाहेर काढलं. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच उघडते. हे जनुक मोठ्या माणसाच्या शरीरात जवळपास सगळीकडे मिटलेलं असतं.

"फक्त पुरुषाच्या वृषणात उघडं असतंय," सर म्हणाले आणि वर्गात खसखस पिकली. "हसा. हसून झालं की लिहून घ्या. कॅन्सरच्या पेशीची शिस्त मोडती आणि हे मिटलेलं पान तिथं उघडतं. त्याचा टवका दाराशी येतो. तिथं तिला धरता येतं. एकदा ह्या जनुकाचं नाव-गाव कळलं, की त्याचा टवका आपणच तयार करायचा आणि अंगाला आधीच चाखवून ठेवायचा. उद्या आलं की वळखशील, म्हणून."

ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. देवळात बोलल्यासारखा. देवळात ते कधी गेले नाहीत.

पुस्तकात त्या त्वचेच्या कॅन्सरचं एक चित्र होतं. गोऱ्या माणसाची पाठ, पाठीवर वेडावाकडा काळा डाग. सर म्हणायचे, "हा गोऱ्यांचा रोग. पातळ कातडी आणि ऊन. आपल्याकडं बघाय मिळायचा न्हाई." आम्ही तसं लिहून घेतलं. परीक्षेत तसंच लिहिलं आणि मार्क मिळवले.

पुस्तकातलं माणूस गोरं होतं, पुरुष होतं आणि पाठ करून उभं होतं. हा माझा राग आजही गेलेला नाही.

काकींना मूलबाळ नव्हतं. शाहूपुरीतल्या दोन खोल्यांच्या घरात कॉलेजची पोरंच पडीक असायची. माझी जेवायची वेळ चुकली की काकी ओरडायच्या, "पत्रकं खाऊन जगतीस व्हय गं?" आण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, आणि पाणवठ्यापासून हुंड्यापर्यंत ज्या गोष्टीचा राग येईल तिच्यावर पत्रक काढायचे. मला लिहायला त्यांनीच शिकवलं. पत्रक वाचणारा माणूस उभा असतो, ते म्हणायचे, वाक्य त्याच्या पायाला रग लागायच्या आत संपलं पाहिजे. काकींना वाचता यायचं ते अडखळत, पण आण्णांचं प्रत्येक पत्रक त्या माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बरं लिव्हलंय. पर ह्यात बायका कुटं हायत?"

सणावाराला त्या सरांच्या पाया पडायच्या. सर मागे सरायचे, "अगं, नको गं." त्या पुढे व्हायच्या. "तुमी गप ऱ्हावा. तुमचं सायन्स भाइर." असा हा दर सणाचा तमाशा. मला तो बघवायचा नाही. आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. आण्णांनी पहिलं पत्रक त्यावरच काढलं होतं.

काकींच्या उजव्या तळपायाला, टाचेच्या वर, एक काळा डाग होता. तो सगळ्यांना माहीत होता. भिंतीला टेकून, पाय लांब करून लसूण सोलत बसल्या की दिसायचा. एकदा शेतातल्या बांधावर बाभळीचा काटा मोडला होता आणि शेजारच्या मावशीनं त्यावर बिब्बा घातला होता. बिब्बा तापवून त्याचं तेल टोचलं की काटा वर येतो, जागा पिकत नाही, आणि काळा डाग राहतो, तो वर्षानुवर्षं जात नाही. हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणी विचारलं तर काकी म्हणायच्या, "बिब्ब्याचा डाग हाय." पुढे तिथं दुखायला लागलं तेव्हा मावशीनं बघितलं, कुरूप झालंय म्हणाली आणि परत बिब्बा घातला. डाग थोडा पसरला. बिब्बाच घातलाय म्हटल्यावर पसरणारच.

सरांनी तो डाग शंभरदा बघितला असेल. त्यांनाही तेच उत्तर मिळालं होतं. उत्तर असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

काकींच्या जांघेत गाठ आली तेव्हा त्यांना मिरजेला नेलं. काकींनी मला बरोबर घेतलं, "बाईमाणूस असू दे एक." डॉक्टरांनी गाठ तपासली, पोट तपासलं, मग म्हणाले, "पाय दाखवा."

काकी घुटमळल्या. सर तिथंच उभे होते.

"पाय वर घ्या, टेबलावर. तळवा इकडे."

डॉक्टरांनी तळपाय दोन हातात धरून खिडकीच्या उजेडाकडे फिरवला. डाग आता रुपयापेक्षा मोठा होता, एका कडेला फुटल्यासारखा, एका कडेला निळसर.

"हे किती वर्षं आहे?"

"बिब्ब्याचा डाग हाय डॉक्टर," काकी म्हणाल्या.

डॉक्टरांनी सरांकडे बघितलं. सर डागाकडे बघत होते. मी त्यांना असंख्य वेळा सूक्ष्मदर्शकात बघताना पाहिलं आहे. तसे बघत होते.

"आपण काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर काकींनी दिलं, अभिमानानं, "ह्ये कालेजात शिकवत्यात की. कॅन्सरच शिकवत्यात."

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आपल्या लोकांत हा रोग होतो तो असाच. तळपायाला, तळहाताला, नखाखाली. जिथं ऊनही लागत नाही आणि कुणी बघतही नाही. छातीच्या फोटोत गाठी दिसत होत्या. आता पाय कापण्यात अर्थ नव्हता.

परतीच्या गाडीत काकी खिडकीशी बसल्या. हातकणंगल्याला गाडी थांबली तेव्हा मला म्हणाल्या, "तुजं गाव आलं, उतर. उशीर नगं." मी उतरले नाही. सर समोरच्या बाकावर होते आणि दोन्ही हात उताणे करून आपले तळवे बघत होते.

त्यानंतरचे दिवस सरांनी दोन कामांत घालवले. एक म्हणजे पत्रं. ते जनुक शोधणाऱ्यांच्या देशात, मुंबईला, दिल्लीला, कुठं कुठं. उत्तरं सभ्य असायची. लस अजून प्रयोगात आहे, निवडक रुग्णांवर, दूर देशात. दुसरं काम म्हणजे संध्याकाळी काकींना ते सगळं समजावून सांगणं. दुसऱ्या घरी पोथी वाचतात तसं. काकी भाकरी थापत ऐकायच्या, पुढे पुढे पडून ऐकायच्या.

"म्हंजे माज्या अंगाला माजंच वळखू येईना म्हणतासा?"

"आत्ता येत न्हाई. येईल. आत वळखणाऱ्या पेशी असत्यात. थोड्या असत्यात."

"येऊ दे बाई लवकर," काकी म्हणायच्या, पाहुण्याची वाट बघावी तशा.

आणि एक दिवस काकींच्या मानेवर पांढरा डाग आला. मग हातांच्या पाठीवर. मग ओठाच्या कडेला. मावशी घाबरून गेली, "आगं बया, कोड!" काकींनी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. मिरजेला आजाराचं नाव कळलं तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या.

सर कॉलेजातून आले, त्यांनी काकींचा हात धरून दारात नेला, उजेडात बघितला आणि ओरडले. अक्षरशः ओरडले. "वळखलं! वळखलं गं!"

तास-दीड तासात ते लुनावर गुळाचा रवा बांधून घेऊन आले. अंगणात बत्त्यानं फोडला, कागदाच्या पुड्या केल्या आणि गल्लीत घरोघरी वाटायला निघाले.

"काय सर, कोण पास झालं?"

"मंडळीला कोड उठलंय."

माणसं दारात पुडी हातात धरून उभी. खावी की टाकावी कळेना. सर प्रत्येक दारात समजावत होते. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि ही गाठ, दोघी एकाच कुळातल्या. रंग करायचं जनुक दोघींतही उघडं. त्याचा टवका दोघींच्याही दाराशी. आता पांढऱ्या पेशींना ती चव कळली आहे. आधी त्यांनी कातडीतल्या धरल्या, म्हणून रंग गेला. आता गाठीतल्या धरतील. गल्ली हो-हो म्हणाली. सर वळले की दारं लागत होती. गुळाच्या पुड्या गटारात पडलेल्या मी बघितल्या.

मी तडक काकींकडे गेले. "त्यांनी तुम्हाला विचारलं तरी का? तुमचं अंग आहे. गल्लीभर पत्रक काढल्यासारखं सांगत सुटलेत!"

काकी पडून होत्या. पदर तसाच, हनुवटीपर्यंत. "न्हाई इचारलं. पर हसल्यात का न्हाई? किती दिसानं हसल्यात. वाटू दे."

महिन्याभरात काकींच्या भाचीचं लग्न होतं. भावाचा निरोप आला, तायडीनं यायची दगदग करू नये. दगदग कसली ते सगळ्यांना कळलं. गाठीची नव्हती, डागाची होती. पावण्यांच्या नजरेला पडलं असतं. सर भावाकडे जाऊन भांडायला निघाले तेव्हा काकींनी त्यांना अडवलं. "त्येला काय सायन्स ठावं हाय? बसा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लुगडं घेऊन ठेवलंतं तिला. तू न्हेऊन दे."

सरांनी आता एक नवीन आशा धरली होती. काही वेळा अशा काळ्या डागाभोवतीच पांढरं कडं पडतं. कडं पडलं की समजायचं, ओळख मूळ जागेपर्यंत पोचली. ते कडं त्यांना बघायचं होतं. पण काकी त्यांना पाय देईनात. मिरजेच्या टेबलावर झालं ते झालं, घरात नवऱ्याच्या हातात पाय द्यायचा नाही. पाप लागतं. सरांनी विनवलं, चिडले, एकदा दाराआड रडलेही. काकी पाय पांघरुणात ओढून घ्यायच्या. शेवटी तोड निघाली. मी बघायचं आणि सरांना सांगायचं.

म्हणून मी रोज सकाळी जायचे. मागच्या दाराशी ऊन यायचं. काकींचा पाय मांडीवर घेऊन मी त्या उन्हात धरायचे. पाय हलका होत चालला होता. सर पुढच्या खोलीत उभे.

"आलं का गं तुज्या सरांचं कडं?" काकी हळूच विचारायच्या.

"नाही काकी."

"येतंय म्हणून सांग की."

"खोटं सांगू?"

"एवढुसं."

मी बाहेर जायचे. सर काही विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. मी म्हणायचे, "नाही सर. अजून नाही." मागून काकींचा आवाज यायचा, "आण्णाचीच लेक ती. एवढुसं खोटं बोलायची न्हाई." त्यात राग नसायचा.

एकदा पाय हातात असताना मी विचारलं, "काकी, डाग वाढतोय हे तुम्हाला कळलंच नव्हतं का?"

"कळलं की. आंघुळीला हाताला लागायचं. ह्यो बिब्बा न्हवं, हे मला कवाच कळलंतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? ह्यांस्नी पाय दावू व्हय? आन् मावशी म्हणाली कुरूप. म्हटलं आसंल." त्यांनी पाय थोडा हलवला, उन्हात नीट. "बाईच्या तळपायाकडं कोण बघतंय गं. मी सोता बघायची न्हाई, त्यो खालीच."

परदेशातल्या त्या काचेच्या बशीत पांढऱ्या पेशींनी जे ओळखलं, ते शाहूपुरीत एका बाईनं आंघोळीच्या दगडावर बसून, बोटांनी ओळखलं होतं. सांगायला जागा नव्हती. यावर मी पत्रक लिहिलं, नंतर. पेठ वडगावला वाटलं ते हेच. पहिली ओळ सरांनी सांगितल्याप्रमाणे आखूड केली: 'बायकोचा तळपाय बघा.' दर बाजारच्या दिवशी एखादं गाव, असं सर जाईपर्यंत आम्ही ते वाटत राहिलो. किती जणांनी बघितलं, माहीत नाही.

हातांची पाठ सगळी पांढरी झाली. गाठी मात्र वाढत राहिल्या. सर म्हणाले, ओळख पटली आहे, पण ओळखणाऱ्या फार थोड्या आहेत आणि गाठी फार झाल्या आहेत. वर्गात सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्यानंतर गुऱ्हाळाचा दृष्टान्त त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

काकी सकाळी गेल्या, मी नेहमीसारखी पोचले त्याच्या थोडं आधी. अहेव बाई गेली म्हणून मावशीनं मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं. पांढऱ्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. ज्यांनी गूळ गटारात टाकला होता ती सगळी गल्ली आता रांगेत उभी होती. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई पुण्यवान, तिच्या पाया पडायचं असतं. वडगावहून सरांचे थोरले भाऊ आले होते, तेही टोपी काढून रांगेत उभे राहिले.

सर काकींच्या पायाशी बसले होते. त्यांनी उजव्या पायावरचं लुगडं थोडं सारलं, पाय दोन्ही हातात घेतला आणि दाराच्या उजेडाकडे वळवला. आता कुणी पाय ओढून घेणार नव्हतं. ते बराच वेळ बघत होते. टाचेच्या वर, कडेकडेनं, बोटानं चाचपत. कडं शोधत होते.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "न्हाई. बरोबर सांगत हुतीस."

भाऊ वाकले. सरांनी हातानं त्यांना थांबवलं. "दादा, पाया पडू नगासा. बघा."

"काय बघू?"

"ह्यो डाग बघा. बघून ठेवा. आन् घरी गेल्यावर वहिनीचा बघा."

"येडा झालास काय? सोड पाय. माणसं खोळंबल्यात."

"खोळंबू देत. पाया पडाय सगळी येत्यात. बघाय कोण न्हाई आलं. मीबी न्हाई आलो."

रांगेत कुजबुज सुरू झाली. दोघं जण सरांना उठवायला पुढे आले. एकानं त्यांच्या खांद्याला धरलं. त्या ओढाओढीत पाय सरांच्या हातातून निसटत होता, उजेडाकडून परत अंधाराकडे वळत होता.

आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. मीही पडले नाही. मी सरांच्या शेजारी बसले, काकींची टाच खालून धरली, आणि आम्ही दोघांनी मिळून तो पाय उजेडात धरून ठेवला.